इंग्लंडच्या ग्रामीण भागातील मोटारमुक्त खडीवाटा : नवख्या सायकलस्वारांसाठी मार्गदर्शन

नोकरी किंवा शिक्षणाच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये येऊन स्थिरावलेला माणूस सायकल घ्यायचे मनावर घेतो, तेव्हा सर्वांत आधी कोणती सायकल घ्यावी हे विचारतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : ज्या वाटेने जायचे तिच्यावरून सायकल नेण्याचा आपल्याला हक्क आहे का, आणि त्या वाटेचा पृष्ठभाग त्या ऋतूत कसा असतो. या देशात मोटारी नसलेल्या, खडी, मुरूम किंवा चुनखडीचा चुरा दाबून केलेल्या वाटा पुष्कळ आहेत, पण त्या कोणा एका खात्याने एका आराखड्याप्रमाणे बांधलेल्या नाहीत. कुठे बंद पडलेला रेल्वेमार्ग, कुठे मालवाहू होड्या ओढणाऱ्या घोड्यांची कालव्याकाठची वाट, कुठे लाकडाच्या ट्रकांसाठी जंगलात काढलेला रस्ता, तर कुठे टेकडीच्या माथ्यावरून प्राचीन काळापासून चालत आलेली वाट, असा त्यांचा उगम निरनिराळा असल्यामुळे प्रत्येकीचे नियमही निराळे आहेत. येथे सांगितलेले सर्व केवळ इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीनविषयक कायद्याने लोकांना मोकळ्या रानातून जाण्याची फार मोठी मुभा दिली आहे आणि तिथला सल्ला इंग्लंडमध्ये जसाच्या तसा चालत नाही.

आधी हक्क पाहावा

इंग्लंडमधील सार्वजनिक वाटांचे चार प्रकार आहेत. पब्लिक फूटपाथ ही केवळ पायी चालणाऱ्यांसाठी असते आणि तिच्यावरून सायकल नेणे म्हणजे बहुतेक ठिकाणी जमीनमालकाच्या हक्काचे उल्लंघन ठरते. ब्रायडलवे ही पादचारी व घोडेस्वार यांची वाट असून १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने सायकलस्वारांनाही तिच्यावरून जाण्याचा हक्क मिळाला; मात्र त्याच कायद्याने दोन अटी घातल्या आहेत, त्या नवख्या माणसाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली अट अशी की सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यावे, आणि दुसरी अशी की वाट सायकलीला सोयीची करून देण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर नाही. त्यामुळे नकाशावर ब्रायडलवे दिसली म्हणजे तिथे सायकल सुखाने चालेल असे समजू नये. गुडघाभर चिखल असला तरी ती कायद्याने ब्रायडलवेच राहते. तिसरा प्रकार रिस्ट्रिक्टेड बायवेचा आहे, जिथे घोडागाडी आणि सायकल चालते पण मोटारीला मनाई असते. चौथ्या प्रकारच्या बायवेवर मोटारींनाही मुभा असल्यामुळे, तिथे दिवसभरात एखादीच जीप किंवा मोटारसायकल भेटत असली तरी ती वाट काटेकोरपणे मोटारमुक्त म्हणता येत नाही.

सायकलीला खुल्या असलेल्या वाटा एकूण सार्वजनिक वाटांच्या साधारण पंचमांशच आहेत, म्हणून डोळे उघडे ठेवून निवड करावी लागते. प्रत्यक्ष जागेवर खांबावरचा बाण पाहावा : पिवळा बाण पायवाटेचा, निळा ब्रायडलवेचा, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवेचा आणि लाल सर्व वाहनांना खुल्या बायवेचा. बाण पडून गेला असेल किंवा झुडपात झाकला गेला असेल तर कुंपणाकडे पाहावे. कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी पायरी ठोकलेली असेल तर आपण बहुधा पायवाटेवर आलो आहोत, कारण घोड्याला पायरी चढता येत नाही आणि ब्रायडलवेवर फाटकच असावे लागते. अशा फाटकांपैकी अनेकांना उंच उभा दांडा असतो, तो घोड्यावर बसलेल्या माणसाने खोगिरावरूनच ओढावा म्हणून बसवलेला असतो. थोडा सराव झाला की सायकलस्वारालाही एक पाय जमिनीला टेकवून, खाली न उतरता, तो ओढून फाटक उघडता येते.

यांखेरीज काही वाटा केवळ जमीनमालकाच्या परवानगीने खुल्या असतात. कालव्याकाठच्या बऱ्याच वाटा आणि जंगलातील रस्ते याच वर्गात मोडतात. परवानगी आहे तोवर जावे आणि झाडतोड किंवा दुरुस्ती चालू असल्याचा फलक दिसला की निमूटपणे वळावे. कामगार सुट्टीवर असले तरी फलक लागू असतो.

नकाशावर वाट ठरवणे

मोबाइलवरची मार्ग सुचवणारी ॲप्स सोयीची असली तरी ती कधीकधी खुशाल पायवाटेवर नेऊन सोडतात. म्हणून ॲपने आखलेला मार्ग ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० प्रमाणातील एक्सप्लोरर नकाशावर एकदा तपासून घ्यावा. या नकाशावर हिरव्या आखूड रेघांची तुटक ओळ म्हणजे पायवाट आणि हिरव्या लांब रेघांची तुटक ओळ म्हणजे ब्रायडलवे. हा एवढा फरक ओळखता आला की निम्मे काम झाले. कागदी नकाशा विकत घेतल्यास त्याच्यासोबत मोबाइलवर तोच नकाशा उतरवून घेण्याचा संकेतांकही मिळतो, आणि तो घरून निघण्यापूर्वीच उतरवून ठेवावा, कारण दऱ्याखोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते.

निळ्या पाटीवर लाल चौकोनात पांढरा आकडा दिसला तर तो नॅशनल सायकल नेटवर्कचा मार्ग समजावा. ब्रिस्टलमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे सस्ट्रान्स या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने हे जाळे उभे केले. आकडा कंसात असेल तर आपण अजून त्या मार्गावर नाही, तिकडे नेणाऱ्या वाटेवर आहोत. या जाळ्याविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो : आकडा आहे म्हणजे मोटारी नाहीत असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात जाळ्याचा मोठा भाग गावांतील शांत डांबरी रस्त्यांवरून जातो, तेव्हा मोटारमुक्त तुकडे कोणते हे नकाशावरच निश्चित करावे.

पहिली फेरी जुन्या रेल्वेमार्गावर करावी

१९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा तोट्यातील मार्ग बंद करण्याविषयीचा अहवाल आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमधील हजारो मैलांचे तोट्यातील रेल्वेमार्ग बंद झाले. रूळ उचलले गेले, पण भराव, पूल, खोदाई आणि बोगदे जागच्या जागी राहिले. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे हे मार्ग आखतानाच चढ सौम्य ठेवलेले होते आणि त्याचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो. नवशिक्याने, लहान मुलांसह जाणाऱ्याने किंवा अनेक वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी.

डर्बीशरमधील पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातल्या तीन वाटा मी सर्वांना प्रथम सुचवतो. मॉन्साल ट्रेल ही बेकवेलजवळून बक्स्टनच्या दिशेला ब्लॅकवेल मिलपर्यंत जाणारी साडेआठ मैलांची, म्हणजे साधारण चौदा किलोमीटरची वाट आहे. ज्या रेल्वेने ही दरी बिघडवली म्हणून एकोणिसाव्या शतकातील लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन संतापले होते, ती रेल्वे १९६८ साली बंद पडली. तिचे बोगदे मात्र सायकलस्वारांना २०११ मध्ये खुले झाले. हे बोगदे प्रत्येकी अर्ध्या किलोमीटरच्या आतले आहेत आणि दिवसा त्यांत दिवे लावलेले असतात, तरीही सायकलीला दिवा असावा, कारण उन्हातून आत शिरताना डोळे काही क्षण काहीच टिपत नाहीत आणि नेमके त्याच क्षणी समोर कुत्रे घेऊन चालणारे कुटुंब असते. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडताच वाट सरळ उंच दगडी पुलावर येते आणि वाय नदी एकदम पायाखाली दिसते. तिथे छायाचित्रासाठी थांबणाऱ्यांची गर्दी असल्यामुळे बोगदा संपण्याआधीच वेग कमी करावा. ब्लॅकवेल मिलच्या टोकाला चीडेलची अरुंद घळ लागते, तिथली नदीकाठची वाट पायी जाणाऱ्यांची आहे. सायकल तिकडे नेऊ नये.

टिसिंग्टन ट्रेल ॲशबर्नपासून पार्स्ली हेपर्यंत तेरा मैल जाते. ॲशबर्न खालच्या अंगाला असल्यामुळे तेथून निघाल्यास जाताना सतत हलका चढ आणि परतताना उतार मिळतो, म्हणजे दमलेल्या पायांना शेवटी सुख होते. पार्स्ली हेला वाहन लावून उलट दिशेने निघणाऱ्यांना जाताना सर्व सोपे वाटते आणि परतीच्या वाटेवर गणित चुकल्याचे कळते. कोणत्याही रेल्वेवाटेवर खालच्या टोकाकडून निघावे, हा नियम सहसा फसत नाही.

पार्स्ली हे येथेच हाय पीक ट्रेल येऊन मिळते. ही सतरा मैलांची वाट मात्र रेल्वेवाटांच्या नियमाला अपवाद आहे. १८३० च्या सुमारास क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे बांधली तेव्हा ती दोन कालव्यांना डोंगरावरून जोडणारा दुवा म्हणून कल्पिलेली होती. कालव्यात जशी पाण्याच्या पायऱ्यांनी उंची गाठली जाते तशी येथे मधला भाग जवळजवळ सपाट ठेवून टोकांना एकदम उभे चढ घेतले आणि त्यांवरून डबे स्थिर वाफयंत्राच्या दोराने ओढले. मिडल्टन आणि शीप पाश्चर येथील हे चढ आठास एक, म्हणजे आठ मीटर पुढे जाताना सुमारे एक मीटर वर, इतके उभे आहेत. वर मिडल्टन टॉपला १८२९ चे यंत्रघर अजून उभे आहे. नवख्याने पार्स्ली हेकडून निघून मिडल्टनच्या उताराआधी परत फिरावे, कारण सैल खडीवर असा उतार उतरताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरते. खाली जायचेच असेल तर उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

इतर भागांतही अशा वाटा आहेत. यॉर्कशरमध्ये स्कारबरो ते व्हिटबी ही एकवीस मैलांची सिंडर ट्रॅक समुद्राच्या कड्यांवरून जाते, पण तिचा पृष्ठभाग बराच खडबडीत आहे आणि रेव्हन्स्कारपर्यंतचा चढ इतर रेल्वेवाटांच्या मानाने दमवतो. कॉर्नवॉलची अठरा मैलांची कॅमल ट्रेल सपाट आणि सुंदर आहे. शाळांच्या उन्हाळी सुट्टीत पॅडस्टो ते वेडब्रिज हा तुकडा टाळून बॉडमिनच्या वरचा जंगलातील भाग धरावा. लंडनच्या दक्षिणेला राहणाऱ्यांसाठी गिल्डफर्डजवळून शोरमच्या समुद्रापर्यंत जाणारी सदतीस मैलांची डाउन्स लिंक आहे. तिच्यावरचा बेनर्ड्सचा बोगदा बंद असल्यामुळे वाट तेवढ्यापुरती टेकडीवरून जाते, आणि ससेक्सच्या चिकणमातीमुळे हिवाळ्यात चिखल होतो.

कालव्याकाठची वाट

स्लाव, मेडनहेड, रेडिंग या पट्ट्यात मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्यांनी पहिल्या सरावासाठी दूर जाण्याचे कारण नाही. थेम्सच्या पुरापासून मेडनहेड, विंडसर आणि ईटन वाचावे म्हणून खणलेल्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या जुबिली नदीच्या काठाने खडीची सपाट वाट आहे आणि ती स्लावच्या अगदी कडेने जाते.

त्यानंतरची पायरी केनेट अँड एव्हन कालव्याची. हा सत्त्याऐंशी मैलांचा जलमार्ग रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत जातो, पण सर्वत्र वाट सारखी नाही. रेडिंगच्या बाजूला काही ठिकाणी ती अरुंद आणि गवताळ आहे, तर डिव्हायझेस ते बाथ हा भाग चांगला दाबलेल्या खडीचा आहे. डिव्हायझेसजवळच्या केन हिल येथे कालवा एकोणतीस लॉकांनी (होडी वर-खाली नेण्यासाठी पाणी भरून-सोडून चालणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदांनी) टेकडी चढतो आणि त्यांतील सोळा लॉक एका सरळ ओळीत आहेत. एवढे अंतर झेपणार नसेल त्यांनी ब्रॅडफर्ड ऑन एव्हन ते बाथ एवढाच साधारण दहा मैलांचा तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे आणि वाटेत कालवा दोन दगडी जलसेतूंवरून नदी ओलांडतो.

कालव्याकाठी वेगाची अपेक्षा ठेवू नये. कमानी पुलांखाली वाट अरुंद व आंधळी होते, डोके खाली घ्यावे लागते आणि समोरून कोण येते ते दिसत नाही. म्हणून पुलाच्या अलीकडेच घंटी वाजवून वेग चालण्याइतका करावा. मासे पकडणारे लोक कित्येक मीटर लांबीचे दांडे वाटेवर आडवे सरकवतात. अशा वेळी घंटी वाजवून उतावीळपणा न दाखवता थांबावे, ते स्वतःच दांडा उचलतात. होड्यांचे दोर बांधण्याच्या खुंट्या काठालगत रोवलेल्या असतात, तेव्हा काठापासून थोडे आतूनच जावे. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या नियमानुसार येथे पादचाऱ्याला प्राधान्य आहे.

जंगल आणि चुनखडीच्या टेकड्या

जंगलातील रस्ते लाकडाच्या अवजड ट्रकांसाठी केलेले असल्यामुळे रुंद आणि टणक असतात. लंडनहून वॉटर्लू स्थानकावरून थेट गाडीने ब्रोकनहर्स्टला उतरले की न्यू फॉरेस्ट सुरू होते आणि तिथे शंभर मैलांहून अधिक आखलेल्या सायकलवाटा आहेत. आखलेल्या वाटेबाहेर सायकल नेण्यास तिथे बंदी आहे आणि ती पाळली जाते. तट्टे मोकळी फिरतात. त्यांना खायला घालू नये, कुरवाळू नये, आणि मादीसोबत शिंगरू असेल तर लांबून वळसा घालावा. उत्तरेला नॉर्थंबरलंडमध्ये कील्डर जलाशयाभोवतीची सव्वीस मैलांची लेकसाइड वे ही मला अधिक आवडते, कारण तिथे एकांत खरा आहे. पण तिला सपाट समजू नये, ती सतत खालीवर होते. उन्हाळ्यात संध्याकाळी बारीक चावऱ्या माश्यांचे थवे येतात आणि जवळ रेल्वे नाही.

दक्षिणेकडील चुनखडीच्या टेकड्या शेवटी घ्याव्यात. विंचेस्टर ते ईस्टबर्न हा शंभर मैलांचा साउथ डाउन्स वे संपूर्ण सायकलीला खुला आहे. त्याउलट एव्हबरीजवळून निघणाऱ्या सत्त्याऐंशी मैलांच्या रिजवेचा पश्चिमेकडील, थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंतचाच भाग सलग सायकलीला चालतो. पुढे मधूनमधून पायवाट येते. सायकलिंग यूके या संस्थेने २०२० मध्ये अशाच वाटा जोडून विंचेस्टरहून निघून स्टोनहेंज, एव्हबरी, रेडिंग, फार्नमवरून परत येणारा साडेतीनशे किलोमीटरचा किंग आल्फ्रेड्स वे आखला. तो अनुभवी होईपर्यंत बाजूला ठेवावा.

चुनखडी कोरडी असताना डांबरासारखी पळते, पण पावसानंतर तिच्यावर साय धरल्यासारखा पांढरट बुळबुळीत थर येतो. अशा उतारावर वळताना ब्रेक न लावता, वळणाआधीच सरळ रेषेत वेग कमी करावा. तिच्यात रुतलेल्या गारगोट्या फुटल्या की धारदार होतात आणि टायरच्या बाजूची कड कापतात. नुसते भोक पडले तर ट्यूबला चकती लावून भागते. कड फाटली तर आतून रबराचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा लावावा लागतो, म्हणून तो सोबत ठेवावा.

सायकल, टायर आणि हवा

आता सायकलीचा प्रश्न. रेल्वेवाट आणि कालवा यांसाठी ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असलेली कोणतीही धड सायकल पुरते. केवळ यासाठी नवी ग्रॅव्हल सायकल (खास खडीवाटांसाठी बनवलेली) घेण्याचे कारण नाही. टेकड्यांवर जायचे असेल तर ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलका गिअर यांचा उपयोग होतो. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी साडेपंधरा मैलांपर्यंत साहाय्य देणारी कायदेशीर विजेची सायकल साध्या सायकलीसारखीच मानली जाते, त्यामुळे ब्रायडलवेवर तिला मनाई नाही.

हवा अति भरणे ही सर्वांत सार्वत्रिक सवय आहे. सत्तर किलोच्या माणसाने चाळीस मिलिमीटरच्या टायरात ट्यूब असल्यास साधारण ३५ ते ४० पीएसआयपासून (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) सुरुवात करावी, मागच्या चाकात थोडी अधिक ठेवावी आणि हात थरथरत असतील तर दोन-दोन पीएसआयने कमी करत जावे. सोबत दोन ट्यूब, पंप, टायर काढण्याचे लीव्हर आणि बहुउपयोगी पाना असावा. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात पक्ष्यांच्या विणीमुळे शेताच्या कुंपणझाडांची छाटणी करता येत नाही. ती सप्टेंबरपासून होते आणि हॉथॉर्न व ब्लॅकथॉर्नचे काटे वाटेवर पसरतात. शरद ऋतूत ट्यूबलेस टायरात भरलेला पंक्चररोधक द्रव खरा कामी येतो.

ऋतू, वेळ, जेवण आणि रेल्वे

मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये दक्षिण इंग्लंडात रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. खडीवर ताशी बारा किलोमीटर एवढीच गती धरून हिशेब करावा. पबमधील स्वयंपाकघर बहुधा दुपारी अडीचच्या सुमारास बंद होते आणि खेड्यातील कॅफे चारपर्यंतच उघडे असतात. शाकाहारी माणसाला चीज सँडविचखेरीज काही मिळेलच असे नाही. पोळीभाजीची गुंडाळी किंवा दशम्या पिशवीत असल्या की कशाची फिकीर राहत नाही. साउथ डाउन्स वेवर ठरावीक ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण मधले अंतर मोठे असल्यामुळे दोन बाटल्या भरून घ्याव्यात.

रेल्वेने जाताना सायकलीचे नियम कंपनीनुसार बदलतात. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत सायकलीची जागा आधी राखून ठेवावी लागते आणि ती मोजकीच असते. लंडनच्या आसपास गर्दीच्या वेळी घडी न होणारी सायकल बहुधा चालत नाही. परतीची जागाही जाताना राखावी, कारण उन्हाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी ती मिळत नाही.

वाटेवर आणि परतल्यावर

घोडा समोर दिसला तर मागून एकाएकी घंटी न वाजवता दुरूनच बोलून चाहूल द्यावी, वेग अगदी कमी करावा आणि स्वाराने खूण केल्यावर रुंद अंतर ठेवून जावे. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे. वासरांसह गाई असतील तर त्यांच्या मधून न जाता, सायकलवरून उतरून, कडेने शांतपणे निघावे. नेच्याच्या झुडपांतून गेल्यास घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का ते पाहावे. तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. अपघात झाल्यास ९९९ किंवा ११२ वर दूरध्वनी करून नकाशावरील ग्रिड संदर्भ, म्हणजे आपली नेमकी जागा दाखवणारी अक्षरे व आकडे, सांगावा. नकाशाच्या ॲपवर तो कुठे दिसतो हे आधीच शोधून ठेवलेले बरे.

टेकड्यांवरून आल्यावर सायकल त्याच संध्याकाळी धुवावी, कारण चुनखडीचा राडा वाळला की साखळीत आणि गिअरमध्ये घट्ट बसतो. जोरदार फवाऱ्याचे पाणी चाकांच्या आणि पेडलांच्या बेअरिंगवर मारू नये, त्याने आतले ग्रीस निघून जाते. बादलीभर पाणी, ब्रश आणि नंतर साखळीला तेलाचे थोडे थेंब एवढे पुरे. ओल्या चुनखडीचा राडा ब्रेकचे पॅडही फार लवकर झिजवतो, तेव्हा पुढच्या वेळी निघण्याआधी त्यांची जाडी पाहून घ्यावी.